समान वेतनाची तपासणी: कारखान्यात सुरुवात कुठून करायची आणि कुठे चुकते

"आमच्याकडे बाई असो की पुरुष, हेल्परला हेल्परचा पगार आणि ऑपरेटरला ऑपरेटरचा." चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत विचारा, हेच उत्तर मिळतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. गोची वेगळीच आहे. हेल्पर म्हणून भरलेल्या बायका आणि ऑपरेटर म्हणून भरलेले पुरुष एकाच लाइनवर, शेजारी उभे राहून, तेच काम करत असतात. पदनामानुसार पगारपत्रक लावलं की तफावत शून्य येते आणि फाइल बंद होते.

हा लेख साधारण ५० ते ३०० कामगार असलेल्या इंजिनिअरिंग कारखान्यांसाठी आहे: मशीन शॉप, प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, असेंब्ली. तपासणी एचआर करो, मालक स्वतः करो किंवा युनियन करायला लावो, पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बऱ्याच चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात.

## आधी एवढं पक्कं करा: कायदा काय मोजतो

१९७६चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिचं कलम ३ सांगतं की एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाचं काम करणाऱ्यांत लिंगावरून वेतनात भेद करायचा नाही. भरतीतही करायचा नाही. समान स्वरूपाचं काम म्हणजे ज्याला लागणारं कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे आणि जे सारख्याच परिस्थितीत केलं जातं असं काम. थोडाफार फरक असेल, पण नोकरीच्या अटींच्या दृष्टीने त्याला व्यवहारात महत्त्व नसेल, तर ते काम समानच धरायचं. या व्याख्येत पदनाम हा शब्द कुठेही नाही.

एक तरतूद हमखास नजरेतून सुटते. पीएफ, ग्रॅच्युइटीसाठी "वेतन" मोजताना प्रवास भत्ता, घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम आणि करारातून किंवा निवाड्यातून मिळणारी रक्कम बाजूला ठेवता येते. समान वेतन तपासताना मात्र या चारही रकमा वेतनात धराव्या लागतात. त्यामुळे "बेसिक सारखाच आहे, भत्ता तेवढा वेगळा" हे उत्तर चालत नाही.

## तयारी

लेखी मंजुरी आणि पैसा. तपासणीला हात घालण्याआधी व्यवस्थापनाकडून एक पान सही करून घ्या. तपासणी कोण करणार, तफावत निघाली तर दुरुस्ती किती महिन्यांत होणार आणि त्यासाठी वर्षाला किती रक्कम राखून ठेवली आहे, एवढं त्यात हवं. पैशाची तरतूद न करता तपासणी करणं सर्वांत वाईट. तफावत माहीत असून काही केलं नाही, याचा पुरावा तुमच्याच कपाटात तयार होतो.

टीम. सहा-सात जण पुरेत: एचआर, अकाउंट्स, प्रॉडक्शन, युनियनचा किंवा कामगारांचा एक प्रतिनिधी आणि शॉप फ्लोअरवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या किमान दोन महिला. ऑफिसातली रिसेप्शनिस्ट किंवा एचआरमधली मुलगी घेऊन "महिला प्रतिनिधी" हा रकाना भरू नका. डीबरिंगला (कापलेल्या पार्टच्या धारदार कडा घासायला) दिवसभर उभं राहणं काय असतं, हे तिला माहीत नसतं.

कागद. मागच्या पूर्ण १२ महिन्यांचे:
- मस्टर आणि पगारपत्रक, कंपनीच्या रोलवरचं आणि प्रत्येक ठेकेदाराच्या रोलवरचंही
- रोजची डिप्लॉयमेंट शीट, म्हणजे कोण कुठल्या मशीनवर किंवा स्टेशनवर होतं
- स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याचा तक्ता
- ओव्हरटाइमचं रजिस्टर
- बढती आणि इन्क्रिमेंटची पत्रं
- नेमणुकीच्या वेळचा पहिला पगार

शेवटची नोंद शोधायला त्रास होतो, पण सोडू नका. आजच्या तफावतीचं मूळ कित्येकदा पहिल्या ऑफर लेटरमध्ये असतं. त्यानंतर दरवर्षी टक्क्यांत इन्क्रिमेंट मिळत गेलं की रुपयातली दरी आपोआप रुंदावते.

सावधान: ठेकेदाराचे कागद "ते त्यांचं आहे" म्हणून बाहेर ठेवू नका. पुरुष कंपनीच्या रोलवर आणि बायका ठेकेदाराच्या रोलवर ही मांडणी इतकी सर्रास आहे की ठेकेदार वगळला तर तपासायला फारसं काही उरतच नाही.

## टप्पा १: कामांची यादी करा, नावं आणि पगार झाकून

दोन्ही शिफ्टमध्ये फ्लोअरवर फिरा आणि प्रत्येक स्टेशनचं एक पान करा. माणसाचं नाव नको, पदनाम नको, बाई की पुरुष तेही नको. लिहायचं एवढंच: हातात कुठलं हत्यार किंवा गेज आहे, मशीन कुठलं, सेटिंग (कामाआधी मशीन जुळवणं) कोण करतं, किती वजन किती वेळा उचललं जातं, कुठला निर्णय याच जागी होतो आणि चुकलं तर काय होतं.

नमुना म्हणून फायनल इन्स्पेक्शनचं एक टेबल घ्या. समोर ट्रेमध्ये बुश, म्हणजे छोट्या धातूच्या नळ्या आहेत. प्रत्येकाचं बोअर (आतलं भोक) मापात आहे का ते गो/नो-गो प्लग गेजने बघायचं, बाहेरचा व्यास मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीपर्यंत वाचायचा, कडेला बर (कापताना राहिलेला धारदार कंगोरा) आहे का ते बोटाने आणि भिंगाने बघायचं, नापास पीसला लाल टॅग लावायचा आणि रिपोर्टवर सही करायची. ग्राहकाकडून लॉट परत आला की सगळे आधी ती सही शोधतात. हे काम करणारीचं पदनाम बऱ्याच ठिकाणी "हेल्पर (चेकिंग)" असतं. पलीकडे प्रेसमध्ये ब्लँक ठेवून दोन बटणं दाबणाऱ्याचं पदनाम असतं "ऑपरेटर". दोन्ही पानं शेजारी ठेवली की पुढचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नेहमीची चूक: सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावून यादी लिहून घेणं. तो पदनामावरून काम सांगतो. तुम्हाला तर काम बघून पदनाम तपासायचं आहे.

तपासा: शिफ्टचा शेवटचा एक तास बघितला का? साफसफाई, मोजणी, पुढच्या शिफ्टला निरोप, रजिस्टर भरणं ही कामं त्याच तासात होतात. ती कोण करतं, हे कुठल्याही कागदावर नसतं.

## टप्पा २: कामाला गुण द्या

प्रत्येक पानाला १०० पैकी गुण द्यायचे. वजन किती ठेवायचं हे कायद्याने ठरवून दिलेलं नाही. मध्यम इंजिनिअरिंग कारखान्यात खालची विभागणी बरी चालते:

- कौशल्य: ३५
- जबाबदारी: २५
- श्रम: २० (शारीरिक १०, डोळे आणि एकाग्रता १०)
- अनुभव: १०
- परिस्थिती: १० (उष्णता, धूर, आवाज, उभं राहणं)

श्रमाचे दोन तुकडे मुद्दाम केले आहेत. एकच तुकडा ठेवला की सगळे गुण वजन उचलण्याला जातात. तिथेही हिशेब नीट होत नाही. शिफ्टमध्ये दोनदा २० किलोची डाय (प्रेसचा साचा) उचलून ठेवणारा "जड काम" करतो आणि २ किलोचं हाउसिंग ९०० वेळा उचलून फिक्स्चरवर ठेवणारी "हलकं काम" करते, असं म्हणायची पद्धत आहे. पहिल्याने दिवसभरात ४० किलो उचलले, दुसरीने १,८०० किलो. पानावर वजन आणि आवर्तनं दोन्ही लिहायची ती याचसाठी.

कौशल्यातही तसाच कल असतो. वेल्डिंग शिकावं लागतं हे सगळ्यांना मान्य आहे. कॉइल वाइंडिंग, वायर हार्नेस, बारीक सोल्डरिंग मात्र "बायकांची बोटं नाजूक असतात" म्हणून फुकटात काढून घेतलं जातं. नवीन माणसाला ते काम पूर्ण वेगाने आणि रिजेक्शन न होता यायला किती दिवस लागतात ते रजिस्टरवरून काढा आणि गुण त्यावर द्या.

गुण दोन जणांनी वेगवेगळे द्यायचे. दोघांत दहापेक्षा जास्त फरक आला तर वाद घालत बसू नका, दोघांनी पुन्हा त्या स्टेशनवर जाऊन पंधरा मिनिटं उभं राहायचं.

मग गट पाडा: ३५ पर्यंत, ३६ ते ५०, ५१ ते ६५, ६६ ते ८०, ८० च्या वर. सीमेवर दोन-तीन गुणांनी अडकलेली कामं पुन्हा बघा, कारण फट तिथेच पडते.

थांबा. गटांची यादी छापा, टीमच्या सगळ्यांनी तारखेसह सह्या करा आणि मगच पगाराची फाइल उघडा. पगार दिसल्यावर गुण बदलायचा मोह प्रत्येकाला होतो. खर्च किती वाढणार हे डोळ्यांसमोर आलं की चेकिंगचं काम अचानक सोपं वाटायला लागतं.

## टप्पा ३: पगार तासावर आणा

महिन्याचा पगार तसाच्या तसा ताडून बघू नका. हजेरी आणि रजा मध्ये येतात. २६ दिवस गुणिले ८ तास, म्हणजे २०८ ने भागून तासाचा दर काढा. तीन रकाने करा:

अ) बेसिक आणि महागाई भत्ता
ब) त्यात सगळे ठरलेले भत्ते: घरभाडे, प्रवास, स्पेशल, पर्सनल पे
क) १२ महिन्यांत प्रत्यक्ष हातात आलेली एकूण कमाई, ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्हसह, भागिले एकूण तास

तफावत काढायची ती अशी: पुरुषांचा दर वजा महिलांचा दर, भागिले पुरुषांचा दर, गुणिले १००.

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. असेंब्लीच्या एका गटात १० पुरुष "ऑपरेटर" आणि १२ महिला "हेल्पर" आहेत. ऑपरेटरचा बेसिक आणि डीए १९,२४० रुपये, हेल्परचा १६,६४०. तासाला ९२.५० आणि ८०. रकाना अ मध्ये तफावत १३.५ टक्के. शिवाय ऑपरेटरना १,०४० रुपये स्पेशल अलाउन्स आहे, म्हणजे तासाला ५ रुपये. रकाना ब मध्ये ९७.५० आणि ८०, तफावत जवळजवळ १८ टक्के. साडेसतरा रुपयांतले साडेबारा ग्रेडमुळे आणि पाच भत्त्यामुळे गेले. पदनामानुसार बघितलं असतं तर दोन्ही रकान्यांत शून्य आलं असतं.

तफावत कुठून आली याची अशी फोड प्रत्येक गटात करा. त्याशिवाय दुरुस्ती कशाची करायची ते कळत नाही.

तीन चुका इथे होतात.

पहिली, अख्ख्या कारखान्याची एक सरासरी काढणं. मॅनेजर, टूलरूम आणि पॅकिंग एकत्र मिसळलं की येणारा आकडा वार्षिक अहवालात छापण्यापुरता. त्यावरून ना आरोप करता येतो, ना बचाव.

दुसरी, पुरुष नसलेलं स्टेशन वगळणं. "वायरिंगला सगळ्या बायकाच आहेत, तुलना कुणाशी करणार?" तुलना त्याच गुणगटातल्या दुसऱ्या कामाशी करायची. टप्पा २ मधले कष्ट त्यासाठीच होते.

तिसरी, चार-पाच माणसांच्या गटात सरासरीवर विसंबणं. वीस वर्षं नोकरी झालेला एकच फिटर आकडा फिरवून टाकतो. लहान गटात मध्यक घ्या, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावून मधला. आणि माणसागणिक नावं लावून बघा. तीन टक्क्यांच्या वर गेलेली प्रत्येक तफावत पुढच्या टप्प्यात न्यायची. त्याखालची तफावतसुद्धा प्रत्येक गटात एकाच दिशेने झुकत असेल, तर तीही न्यायची.

## टप्पा ४: कारणं चाळा

प्रत्येक तफावतीसमोर कारण लिहायचं आणि त्याला तीन प्रश्न विचारायचे. हा नियम लेखी आहे का? तफावत निघण्याच्या आधीपासून आहे का? पुरुष आणि महिला दोघांना सारखाच लावला गेला का? तिन्हींना "हो" आलं तरच कारण टिकतं.

टिकणारी कारणं थोडी आहेत: लेखी सेवाज्येष्ठतेचा टप्पा, प्रत्यक्ष केलेल्या रात्रपाळीचा भत्ता, सगळ्यांना खुली असलेली स्किल टेस्ट पास केल्याची वाढ, मोजून केलेलं पीस-रेटचं (नगावर पैसे) उत्पादन. पीस-रेटमध्ये एक गोष्ट जरूर बघा. जलद जाणारे पार्ट आणि चांगली मशीन कुणाला दिली जातात?

न टिकणारी कारणं जास्त ऐकू येतात.

"तिने तेवढाच मागितला होता." मागण्याची हिंमत कमी होती, म्हणून कामाची किंमत कमी होत नाही.

"आधीच्या कंपनीत तिला तेवढाच होता." म्हणजे त्या कंपनीतला भेद तुम्ही उचलून आपल्या पगारपत्रकात चिकटवला.

"त्याच्यावर घर चालतं." हे अजूनही बोललं जातं, निदान लिहिलं तरी जात नाही.

"गरज पडली तर तो जड कामही करतो." हे कारण दिसायला सर्वांत भक्कम असतं, म्हणून डिप्लॉयमेंट शीट काढा. वर्षभरात ते जड काम प्रत्यक्ष किती दिवस केलं? दोन-चार दिवसांसाठी बाराही महिने वेगळा दर देता येत नाही. हवा तर त्या दिवसांपुरता भत्ता द्या, आणि जो किंवा जी ते काम करेल त्या प्रत्येकाला द्या.

"युनियनशी करार तसाच झाला आहे" आणि "कंपनीला परवडत नाही" या दोन्ही सबबींचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १९८७ मध्येच लागला आहे. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा या खटल्यात कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. कंपनीने युनियनबरोबरच्या कराराकडे बोट दाखवलं, आर्थिक स्थितीही पुढे केली. दोन्ही मुद्दे टिकले नाहीत.

"कायद्यानेच बायकांना ते काम बंद आहे." जुन्या कारखाने अधिनियमात चालू यंत्राला तेल देणं, साफ करणं, जुळवणं यावर महिलांसाठी मनाई होती आणि तिच्या आडून काही ठिकाणी सेटरचं, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याचं, पदच त्यांना बंद झालं. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या २०२०च्या संहितेनुसार महिलांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येतं. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी लागतात.

## टप्पा ५: हातात येणाऱ्या पैशाची गळती शोधा

दर सारखे असूनही महिनाअखेर फरक पडतो तो रकाना क मध्ये दिसतो.

*ओव्हरटाइम.* तो दुप्पट दराने असतो, त्यामुळे कुणाला विचारलं जातं याला फार महत्त्व आहे. रजिस्टरमधून गटागणिक माणशी तास काढा. महिलांचे तास कमी दिसले तर "त्या थांबत नाहीत" हे उत्तर लगेच लिहू नका. कंपनीची बस किती वाजता सुटते ते बघा. साडेपाचची बस गेल्यावर नाक्यापर्यंत अंधारात चालत जायचं असेल तर थांबणार कोण? ओटीच्या दिवशी दुसरी फेरी ठेवा आणि ओटी कोण करणार हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. सुपरवायझरने ऐनवेळी चार वाजता पोरांना हाक मारायची पद्धत बंद व्हायला हवी.

*हजेरी बक्षीस.* प्रसूती रजा घेतलेल्या महिलेचं त्या वर्षीचं बक्षीस, इन्क्रिमेंट आणि बढतीचा टप्पा तपासा. पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवडे आहे. तेवढा काळ "गैरहजर" धरून अप्रेझलमध्ये सरासरीखाली गुण दिले की ती एक ग्रेड मागे पडते आणि पुढे कायम मागेच राहते. रजेच्या आधीचं रेटिंग पुढे चालू ठेवायचा लेखी नियम करा.

*बढतीच्या अटी.* "सेटर होण्यासाठी एक वर्ष रात्रपाळीचा अनुभव" अशी अट असेल आणि महिलांना रात्रपाळी दिलीच जात नसेल, तर ती अट काढा. सेटिंग येतं का, एवढंच तपासा.

## टप्पा ६: दुरुस्ती

सर्वांत आधी: कुणाचाही पगार कमी करायचा नाही. समानता आणण्यासाठी कुणाचा दर खाली आणायला कलम ३ मध्येच बंदी आहे. वरच्या दराला थांबवून वाट बघणं, म्हणजे "पुरुषांचं इन्क्रिमेंट दोन वर्षं गोठवू" हा मार्गही टाळा. फ्लोअरवर त्याचा राग बायकांवर निघतो.

क्रम असा ठेवा:

१. ग्रेड बदला. हेल्परचं पत्र रद्द करून ऑपरेटरचं पत्र द्या, तारखेसह.
२. बेसिक त्या ग्रेडच्या टप्प्यावर आणा. जुन्या ग्रेडमधली सेवा मोजून. शून्यापासून सुरुवात केली तर दहा वर्षं झालेली बाई नवीन आलेल्या मुलाच्या बरोबरीला बसते.
३. मग भत्ते.
४. मग मागची थकबाकी.

तफावत स्पेशल अलाउन्समध्ये भरून काढायची शक्कल अकाउंट्सकडून हमखास येते, कारण त्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी कमी लागेल असं वाटतं. तसं करू नका. बेसिक मागे राहिला की पुढची प्रत्येक टक्केवारीची वाढ मागे राहते. शिवाय संहितेनुसार वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या की वरचा भाग वेतनात धरलाच जातो.

वरच्या उदाहरणाचा खर्च मांडू. माणशी २,६०० अधिक १,०४०, म्हणजे ३,६४० रुपये. १२ महिलांचे महिन्याला ४३,६८०. पूर्ण रकमेवर पीएफ भरत असाल तर मालकाच्या हिश्शाचे १२ टक्के, म्हणजे ५,२४२ रुपये वेगळे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी आणि बोनसची तरतूद त्यावर.

सावधान, ईएसआय: सध्या पात्रतेची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. दुरुस्तीनंतर कुणी ती ओलांडली तर चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) ती ईएसआयमध्ये राहते, नंतर बाहेर पडते. बाहेर पडलेल्या महिलेचा प्रसूती लाभ मग कंपनीने थेट द्यायचा असतो. घरच्यांचं औषधपाणीही तिच्या कार्डावर चालत असतं. म्हणून कुणाकुणाला असं होणार याची यादी आधीच काढा आणि त्यांच्यासाठी ग्रुप मेडिक्लेमची सोय पगारवाढीच्याच महिन्यात करा. ही एक गोष्ट विसरली की पगार वाढूनही बाई हिशेबात तोट्यात जाते आणि "आम्हाला नको ती वाढ" असं म्हणते.

थकबाकीसाठी दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. त्यामुळे तीन वर्षांचा हिशेब स्वतःहून करून ठेवा, हप्ते पाडायचे असतील तर लेखी समझोता करा.

## टप्पा ७: पुन्हा तफावत शिरू नये म्हणून

भरती हाच पहिला दरवाजा. जाहिरातीत "फक्त पुरुष उमेदवार" लिहायचं नाही आणि पगाराची रेंज छापायची. आधीचा पगार फॉर्ममधून काढून टाका. आयटीआयमध्ये कॅम्पसला गेल्यावर फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि वेल्डर या ट्रेडच्या मुलींची यादी प्राचार्यांकडून वेगळी मागून घ्या. नाहीतर तिथले शिक्षकच "कंपनीला मुलगेच हवे असतात" असं गृहीत धरून मुलींना पुढे करत नाहीत. ट्रेड टेस्ट सगळ्यांना एकच, जॉब एकच, टॉलरन्स एकच. गुण मुलाखतीच्या आधी कागदावर यायला हवेत.

ट्रेनी आणि अप्रेंटिस यांच्याकडेही बघा. मुलगे वर्षभरात कायम होतात आणि मुली तीन वर्षं ट्रेनीच राहतात, हे कुठल्याही ग्रेडच्या तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी "रुजू झाल्यापासून कायम होईपर्यंतचे महिने" असा रकाना ठेवा.

फ्लोअरवरच्या गोष्टी थोडक्यात. सेफ्टी शूज लहान नंबरांपासून मागवा, स्टोअरमध्ये बहुधा ६ च्या खाली नसतातच. हातमोजेही लहान मापाचे हवेत, सैल मोज्याने पकड सुटते; फिरत्या ड्रिलजवळ मात्र कुठलाच मोजा नको. टॉयलेट लाइनपासून लांब असेल तर ब्रेकची वेळ त्या अंतराप्रमाणे द्या. जिथे वजन हे महिलांना न घेण्याचं कारण सांगितलं जातं, तिथे वजन पेलणारा होइस्ट किंवा बॅलन्सर लावा. पुरुषांच्याही कमरा वाचतील. आणि दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक बाहेरची व्यक्ती. ग्रेड बदलल्यानंतरचे पहिले काही महिने टोमण्यांचे असतात. समितीतल्या सदस्यांची नावं आणि नंबर त्याआधी फळ्यावर लागलेले असू द्या.

## टप्पा ८: सांगायचं कसं

सुपरवायझरना आधी, कामगारांना नंतर, पण एकाच दिवशी. दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवलं की कॅन्टीनमध्ये आकडे दुप्पट होऊन फिरतात. सांगताना कामाची दोन पानं दाखवा, गुण दाखवा. व्यक्तीचा पगार दाखवू नका. पुरुषांचा पहिला प्रश्न "आमचं काय?" असाच येणार. त्याचं उत्तर तयार ठेवा: कुणाचा पगार कमी होत नाही, आणि ज्या पुरुष हेल्परचं काम गुणांत वर आलं त्याचीही ग्रेड बदलते. असे दोन-चार पुरुष जवळजवळ प्रत्येक तपासणीत निघतात.

## कंपनी करत नसेल तर कामगाराने काय करावं

पे-स्लिप प्रत्येक महिन्याची मागून घ्या आणि जपून ठेवा. ती देणं मालकाला बंधनकारक आहे. रोज कुठल्या मशीनवर काम केलं ते डायरीत तारखेनिशी लिहा, सहा महिने तरी. स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड फ्लोअरवर लागलेला असतो, त्यात तुमच्या नावापुढे काय आहे ते टिपून ठेवा. मग एचआरला लेखी अर्ज द्या. त्यात दुसऱ्या कामगाराचा पगार किती आहे हे लिहायची गरज नाही. "अमुक स्टेशनवर अमुक काम मी करते, तेच काम करणाऱ्यांची ग्रेड ऑपरेटर आहे, माझी हेल्पर आहे" एवढं पुरतं. पोच घ्या.

उत्तर आलं नाही तर दावा तुम्ही स्वतः, तुमची नोंदणीकृत युनियन किंवा कामगार खात्याचे निरीक्षक सक्षम प्राधिकाऱ्यापुढे दाखल करू शकतात. पैसे कमी दिल्याचा दावा असेल तर पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. काम समान आहे की नाही यावरच वाद असेल तर त्याचा निर्णय सरकारने नेमलेला प्राधिकारी करतो. तिथे तुमची डायरी आणि डिप्लॉयमेंट शीट शेजारी ठेवली जातात, म्हणून डायरीत एकही दिवस अंदाजाने भरू नका.

## टप्पा ९: पुन्हा तपासणी

पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, इन्क्रिमेंटची पत्रं निघण्याआधी. पत्रं वाटून झाल्यावर केलेली तपासणी वर्षभर कुचकामी. पूर्ण काम पुन्हा करायला नको, फक्त चार गोष्टी बघा: प्रत्येक गटात तिन्ही रकान्यांची तफावत, नवीन भरतीचे पहिले पगार, माणशी ओटीचे तास आणि बढती मिळालेल्यांची यादी. नवीन मशीन किंवा नवीन लाइन आली असेल तर तिथल्या स्टेशनांची पानं मात्र नव्याने करा. नवीन सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आली की जुन्या लेथवरच्या पुरुषांना "सीएनसी ऑपरेटर" म्हणून पत्र मिळतं आणि पार्ट लोड करणारी, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बघणारी, पीस मोजणारी बाई पुन्हा "हेल्पर" म्हणून नोंदली जाते.